हळदकुंकवाचं पाकीट

"बाद करा हे! बाद!" सुदर्शन असा ओरडला की भोकरच्या मतमोजणीच्या हॉलमधले पंखे दोन फेरे उलटे फिरले.

सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. मतदानयंत्रं अजून सीलबंद होती. आधी टपाली मतं घ्यायची असतात. उमेदवारांचे बाकीचे प्रतिनिधी बाहेर पोह्यांवर तुटून पडले होते. टपालाच्या टेबलाकडे एरवी माशीसुद्धा फिरकत नाही. त्या टेबलावर शेषेराव कारकुनांनी सात निवडणुका काढल्या होत्या, आणि सातही वेळा तोंडातून शब्द काढला नव्हता.

पाकीट केवळाबाईचं. वय अठ्ठ्याऐंशी, म्हणून मत घरी जाऊन घेतलेलं. घेणाऱ्या पथकात शेषेराव स्वतः होते. पाकीट चिकटवलं न चिकटवलं तोच म्हातारीनं चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं. "चांगल्या कामाचा कागद कोरा कसा धाडू? आन् मोजतेत ना रे बाबा? का अडगळीत टाकतेत?" शेषेरावांना तिचा हात धरवला नाही. आता मत बाद झालं तर पाप त्यांच्याच माथी.

"खूण हाय खूण!" विरोधी उमेदवाराचा हा प्रतिनिधी, सुदर्शन, काही ऐकेना. निवडणूक अधिकारी मॅडमनी चष्मा वर केला.

शेषेराव उठले. खुर्चीलाही नवल वाटलं.

"मॅडम, मतपत्रिकेवर मत कुणाचं ते कळंल अशी खूण असली तर बाद. हे वरचं पाकीट हाय. आतलं घोषणापत्र बघा. अंगठा, साक्षीची सही, नंबर जुळला की झालं."

"आन् हळदकुंकू?"

"सुदर्शनराव, तुमच्या लग्नपत्रिकेला लावलं व्हतं ना? मंग लग्न बाद धरायचं का?"

हॉल असा हसला की मुदखेड स्टेशनात सिग्नलसाठी थांबलेली गाडी शिट्टी समजून सुटली. सुदर्शनही हसला. "न्हाई हो, बायको पोलिसात हाय, इथंच बंदोबस्ताला!"

मॅडमनी पाकीट फोडलं. अंगठा ठसठशीत. सही ठीक. नंबर जुळला. आतलं मतपत्रिकेचं छोटं पाकीट पांढरंशुभ्र.

"घ्या मोजणीत," मॅडम म्हणाल्या.

शेषेरावांनी ते ढिगात टाकलं आणि दोन्ही हातांनी ढीग कालवला. ड्युटीवरच्या फौजदाराचं, गुरुजींचं, नर्सबाईंचं, केवळाबाईचं. कुणाचं कोणतं, हे आता शेषेरावांनाही सांगता आलं नसतं.