टेबलाच्या अलीकडची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. सध्या एका कारखान्याच्या गोदामात भिंतीकडे तोंड करून उभी आहे, शिक्षा झालेल्या पोरासारखी. माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की शेवटी गळा काढतात, आम्हाला पुसा, आम्हाला जपा म्हणून विनवतात. मला नका पुसू. धूळ बसल्याने खुर्चीचं काही वाईट होत नाही. मला दुसरंच सांगायचं आहे आणि ते गोड नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात झाला. सुतार मोठा तिरसट. गिऱ्हाइकाशी धड बोलायचा नाही, पण लाकडावरून हात असा फिरवायचा की विचारू नका. माझे चारही पाय जोडून झाल्यावर त्याने मला फरशीवर ठेवलं, एकेका कोपऱ्यावर दाबून पाहिलं आणि मी डुगडुगले नाही तेव्हा "हं" म्हणाला. एवढं कौतुक त्याने आपल्या पोरांचंही कधी केलं नव्हतं, असं त्याची बायको म्हणाली. ती स्वतः दुपारभर माझ्यावर भाजी निवडत बसली आणि पाठ छान टेकते म्हणाली. माझं बालपण ते एवढंच.

तिथून मी आले पंखे बनवणाऱ्या एका कारखान्यात. मला काचेचं दार असलेल्या एका खोलीत ठेवलं. दारावरच्या पाटीवर 'मनुष्यबळ विभाग' असं भारदस्त नाव होतं, पण सगळे त्या खोलीला एचआरच म्हणत. मध्ये टेबल, टेबलाच्या पलीकडे साहेबांची गादीची फिरती खुर्ची आणि अलीकडे मी. नोकरी मागायला येणारा माणूस माझ्यावर बसे. माझ्या अगदी कडेला बसायचा, तळहात मांडीला पुसायचा, घसा खाकरायचा. काम झालं की उठताना माझ्या हातावर नकळत थाप मारून जायचा. माझ्या आयुष्यातले बरे दिवस म्हणायचे ते हेच.

मग नवे साहेब आले. गोरेगोमटे, हळू बोलणारे, कुणालाही अरेतुरे न करणारे. आल्या आल्या त्यांनी एक सुतार बोलावला आणि माझे चारही पाय दोन-दोन बोटं कापायला लावले. समोरचा माणूस जरा खाली बसलेला बरा असतो, असं त्यांनी त्याला समजावलं. सुतारानेही मान डोलावली आणि करवत चालवली. माझा सुतार असता तर त्याने ती करवत साहेबांच्या खुर्चीला लावली असती. पण तो नव्हता. तेव्हापासून माझ्यावर बसणाऱ्याचे गुडघे वर यायचे आणि त्याला साहेबांकडे मान वर करून बघावं लागायचं. आपण एवढे लहान का वाटतोय, हे बिचाऱ्याला काही केल्या कळायचं नाही.

अशात एक दिवस ती आली. तिला घेऊन आला तिचा सख्खा मामा. तो आमच्याच कारखान्यात वाइंडिंगला होता, म्हणजे मोटरीत बसणाऱ्या तांब्याच्या तारेची वेटोळी गुंडाळायच्या कामावर. सगळा विभाग त्याला मामाच म्हणायचा. बाप लवकर गेलेल्या या भाचीला त्यानेच शिकवलं होतं. साहेबांकडे शब्द टाकून त्याने ही मुलाखत मिळवली होती. तो दाराबाहेर थांबला, काचेतून दोनदा आत डोकावला आणि भाचीला उगाचच मान हलवून धीर देत राहिला.

मुलगी माझ्यावर बसली. साहेबांनी अनुभव विचारला. एचआरचा काहीच नाही, ती खरं तेच बोलली. आधी ती एका डोळ्यांच्या दवाखान्यात होती. पेशंटला आत पाठवायचं, बाहुली मोठी करायचे थेंब घालायचे आणि ती मोठी होईपर्यंत त्यांना डोळे मिटून बसवायचं, हे तिचं काम. थेंब घातल्यावर म्हातारी माणसं घाबरतात, दिसेनासं झालं म्हणून उठू बघतात, तेव्हा मी शेजारी जाऊन बसते आणि बोलत राहते, असं तिने सांगितलं. एचआरमध्ये का यायचंय, असं साहेबांनी विचारलं. मला माणसं आवडतात, ती म्हणाली. काय सांगू मित्रांनो, माझ्यावर बसणाऱ्या दहातले नऊजण हेच उत्तर द्यायचे. पण ही ते खरं बोलत होती. बसणाऱ्याचं अंग खोटं बोलताना आखडतं, ते खुर्चीला लगेच समजतं.

साहेब हसले. अनुभवी माणसाला जुनं विसरायला लावावं लागतं, त्यापेक्षा कोरी पाटी बरी, असं म्हणून त्यांनी तिला एका वर्षाच्या बोलीवर घेतलं. काम जमलं तर वर्षाने कायम. मामाने त्या दिवशी अख्ख्या वाइंडिंगला चहा पाजला.

पहिले काही महिने पोरीचे पाय जमिनीवर नव्हते. नव्या लोकांची ओळखपत्रं करायची, त्यांना कारखाना दाखवायचा, कुणाच्या पोराला ताप आला तर सुट्टीचं बघायचं. कोण कुठल्या यंत्रावर आहे, कुणाची पाठ दुखते, कुणाच्या घरात लग्न आहे, सगळं तिला तोंडपाठ. दुपारी डबा खाता खाता नियमांचं एक जाडजूड पुस्तक वाचायची. अडलं तर साहेबांना विचारायची आणि साहेब न कंटाळता सांगायचे. शिकवायला ते चांगले होते, हे नाकारून चालणार नाही.

मग पंखे खपेनासे झाले. माणसं कमी करायची ठरली. कुणालाही काढलं असं म्हणायचं नव्हतं, काढलं की भरपाई द्यावी लागते, कोर्टकचेऱ्या होतात. तेव्हा प्रत्येकाने आपण होऊन, स्वखुशीने राजीनामा द्यायचा. टाईप केलेला राजीनामा टेबलावर तयार असायचा आणि त्यावर पेन. माणसाला माझ्यावर बसवायचं आणि सही झाल्याशिवाय उठू द्यायचं नाही.

सुरुवातीला साहेब स्वतः बसले. पण लोक ऐकेनात. कुणी टेबलावर मूठ आपटली, कुणी युनियनवाल्यांना घेऊन आलं, एकाने तर मलाच लाथ घातली. माझे पाय कापून साहेबांना काय मिळालं ते तेव्हा दिसलं. खाली बसवलेला माणूस ताडकन उठून उभा राहिला की साहेबच खाली दिसायचे.

एक दिवस रंगकामातली एक बाई माझ्यावर बसली होती. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर तिच्या जिवावर चाललेलं. ती सही करेना, मोठमोठ्याने बोलायला लागली. तेवढ्यात साहेबांना फोन आला आणि ते बाहेर गेले. आत ती बाई आणि आमची पोर. पोरीला काही सुचेना, म्हणून तिने दवाखान्यात करायची तेच केलं. कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, टेबलाला वळसा घालून अलीकडे आली आणि बाईच्या शेजारी बसली. तिचा हात हातात घेतला. राजीनाम्याचं नावसुद्धा काढलं नाही. नवऱ्याची चौकशी केली, पाणी दिलं, बाईबरोबर स्वतःही रडली. बाईचा आवाज हळूहळू खाली आला. एवढ्या चांगल्या मुलीशी भांडायची तिला लाज वाटली असावी. थोड्या वेळाने डोळे पुसत तिनेच पेन उचललं.

साहेब काचेबाहेर उभे होते. ते आत आले तेव्हा पोर चटकन उठली. आपण टेबल सोडून अलीकडे आलो म्हणून बोलणी बसणार, असं तिला वाटलं. साहेबांनी तिची पाठ थोपटली. इतकी वर्षं या खात्यात काढली पण हे मला सुचलं नाही, असं ते म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते स्टूल माझ्या शेजारी कायमचं मांडलं गेलं आणि सह्या घ्यायचं काम तिच्याकडे आलं.

मित्रांनो, माझा सगळा संताप इथे आहे. तिने माया केली होती, चलाखी नव्हती केली. ती माया साहेबांनी उचलली आणि तिचं हत्यार केलं. लोक यायचे, ती शेजारी बसायची, विचारपूस करायची आणि ते सही करून जायचे. शिवाय जाताना तिला आशीर्वाद द्यायचे. तिला हे समजत नव्हतं असं नाही. नियमांचं पुस्तक आता तिला पाठ होतं. नको म्हणणाऱ्याकडून कुणी सही घेऊ शकत नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं. मला माणसं घ्यायच्या कामावर टाका, असं तिने साहेबांना दोनदा विनवलं. आधी जागा रिकाम्या होऊ दे मग घेऊ, असं ते हसत म्हणाले. या माणसाचे विनोदही असेच असायचे.

तिच्या वर्षाची बोली संपत आली तेव्हा वाइंडिंगला यंत्र आलं. साहेबांनी तिला बोलावलं आणि शांतपणे सांगितलं की आता तुझ्या मामाची पाळी आहे. मी बोललो तर तो अडून बसेल आणि तो बसला की अख्खा विभाग बसेल. तुझं तो ऐकेल. आणि त्याच दमात, आवाज जराही न बदलता ते म्हणाले की तुला कायम करायचं पत्रही याच आठवड्यात सहीला जाणार आहे.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर ती एकटी खोलीत थांबली. स्टुलावर बसली आणि माझ्याकडे, म्हणजे रिकाम्या खुर्चीकडे बघून बोलायला लागली. "मामा, आज सही करू नकोस. कागद घरी घेऊन जा. तुला कुणीही जबरदस्ती करू शकत नाही." आधी अडखळत, मग नीट, मग अगदी ठामपणे. किती वेळा म्हणाली देव जाणे. उठली तेव्हा तिचा चेहरा इतका मोकळा झाला होता की मला वाटलं, जिंकली पोरगी. मला मेलीला आणखी काय हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मामा आला. हात धुऊन, शर्टाचं वरचं बटण लावून आला. भाचीच्या ऑफिसात बसायचा पहिलाच प्रसंग, त्याला अप्रूपच वाटत होतं. माझ्यावर ऐसपैस बसला आणि खुर्ची जरा बुटकी आहे गं, म्हणून हसला. ती स्टुलावर बसली. साहेब काचेपलीकडे फायली चाळत उभे होते. तिने यंत्राचं सांगितलं, कंपनीचं सांगितलं. मामाने कागद उचलला, लांब धरून वाचला, परत ठेवला. हसू केव्हा गेलं ते मलाही कळलं नाही. माझ्या हातावर त्याची बोटं घट्ट वळली.

"मला यातलं कळत नाही, बाळ," तो म्हणाला. "तू शिकलीस. तू सांग, सही करू?"

काल म्हटलेलं सगळं तिच्या ओठांवर होतं, मी समोर बघत होते. तिने एकदा काचेकडे पाहिलं.

"कर मामा," ती म्हणाली. "त्यातच भलं आहे."

त्याने सही केली. सावकाश, नाव पूर्ण लिहून. पेनाचं टोपण लावून तिच्या हातात दिलं आणि म्हणाला, "दुसरं कुणी बसलं असतं ना इथे, तर नसती केली." टोमणा नव्हता तो. त्याला खरंच तसं वाटत होतं. उठताना त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. आईला तू काही सांगू नकोस, मी सांगेन, नाहीतर ती उगाच तुझ्यावर चिडेल, असं बजावून तो गेला.

ती रडेल असं मला वाटलं. रंगकामातल्या बाईसाठी रडली होती ना? नाही रडली. स्टूल नीट सरकवलं, मामाच्या हाताने जरा तिरक्या झालेल्या मला सरळ केलं आणि दार उघडून पुढच्या माणसाला आत बोलावलं.

ती कायम झाली. पुढे वरच्या जागेवर गेली, आता दुसऱ्या कारखान्यांतल्या नवख्यांनाही शिकवायला जाते म्हणे. खोलीत कोच आला, दोघांना शेजारी बसता येईल असा. मला बाहेर काढताना तीच दारात उभी होती. ही खुर्ची नको, बुटकी आहे, बसणाऱ्याला अवघडल्यासारखं होतं, असं तिने हमालाला सांगितलं. लोकांची काळजी तिला अजून वाटते. मला तिचा राग येतो आणि तो कुठे न्यावा ते कळत नाही.

म्हणून सांगते मित्रांनो, माझ्यावरची धूळ राहू द्या. तुम्ही मोठे व्हाल, काही अनुभव नसताना कुणीतरी तुम्हाला कामावर घेईल आणि तुम्ही टेबलाच्या या नाहीतर त्या बाजूला बसाल. कुणी गोड बोलून शेजारी बसलं आणि हातात पेन दिलं, तर कागद घरी नेतो म्हणा आणि उठा. आणि शेजारी बसणारे तुम्हीच असाल, समोरचा तुम्हालाच विचारत असेल की काय करू, तर तेवढं एक वाक्य गिळू नका. आमच्या पोरीला ते येत होतं. या कानांनी ऐकलंय मी.