टाच आधी

यशश्री पायवाटेवरून बाजूला झाली, एका दगडाला टेकली आणि जयवंतीकाकूंना म्हणाली की तुम्ही व्हा पुढे. काकूंनी ओढणीनं घाम पुसला. नको नको, तूच चाल, मी आपली येते मागून. सकाळपासून हेच चाललं होतं. बाई धापा टाकत होत्या, पण पुढे जायचं नाव काढत नव्हत्या. असतो एकेकाचा स्वभाव, म्हणून यशश्री पुन्हा चालू लागली.

जुनिपरच्या झाडांतून वाट खाली उतरत होती. पुढे वाटाड्या अहमद, त्याच्याबरोबर बाबा आणि काकूंचा मुलगा प्रशांत. खरं म्हणजे आजचा दिवस फक्त तिचा आणि बाबांचा असायचा होता. नऊ वर्षांची असताना गाडीच्या धडकेत तिचा डावा पाय मांडीत मोडला होता. हाड जुळलं, पण पाऊल टाकताना जरासा हिसका कायमचा राहून गेला. यंदा दिवाळी झाली आणि बाबांनी एका संध्याकाळी तिचे बूट दारात आणून ठेवले. इथे आखातात, रुसैलच्या गोदामात दिवसभर उभा राहिलेला माणूस, पण घरी येऊन चहासुद्धा न घेता तिला अल हैलच्या किनाऱ्यावर न्यायचा. सबंध हिवाळा ती दोघं ओल्या वाळूवरून चालली. बाबा तिच्या डाव्या अंगाला असायचे आणि एकच सांगायचे, "टाच आधी, यशू." हिवाळा सरता सरता तो हिसका दिसेनासा झाला. त्या दिवशी बाबांनी तिला टपरीवरचा दाट, दुधाळ करक चहा पाजला आणि जाहीर केलं, आता एक डोंगर. जबल अख्दर. आपण दोघंच.

आणि इथे गाडीतून उतरतात तर काय, समोर काकू नि प्रशांत उभे! इब्रीत त्यांचं विजेच्या सामानाचं दुकान होतं, बाबांची जुनी ओळख. काय योगायोग, असं बाबा जरा जास्तच मोठ्यानं म्हणाले. अहमदला मात्र काही नवल वाटलं नाही. त्यानं पिशवीतून सगळ्यांना पुरतील एवढ्या पाण्याच्या बाटल्या काढल्या. आईनंही डब्यात पंगत उठेल इतकी थालीपीठं भरून दिली होती, आणि नवा पिस्ता रंगाचा कुर्ताच घाल म्हणून हट्ट धरला होता. डोंगरात कोण बघतंय मला, असं यशश्रीनं विचारलं तेव्हा आई उगाच गॅस पुसत राहिली. एवढं सगळं डोळ्यांसमोर होतं, तरी या पोरीच्या डोक्यात काही शिरलं नाही. शिरणार कसं? बाबा होते ना बरोबर.

खालच्या गावात गुलाबांची खुडणी चालली होती. पायऱ्यापायऱ्यांची शेतं, मधून फलजचं, म्हणजे डोंगरातून आणलेल्या पाटाचं, पाणी झुळझुळत जाणारं. अहमदनं आपल्या मामाच्या ओसरीवर सगळ्यांना बसवलं, कहवा आणि खजूर पुढे ठेवले, आणि गुलाबपाण्याची भट्टी दाखवायला बाबांना नि प्रशांतला घेऊन गेला. चटईवर दोघीच उरल्या.

"छान चालतेस गं," काकू म्हणाल्या. "मी सबंध वाट तुझ्या पायांकडेच बघत होते."

यशश्रीच्या हातातला खजूर हातातच राहिला.

काकू काही मनानं वाईट नव्हत्या. त्यांनी सरळच सांगून टाकलं. प्रशांतसाठी तिचं स्थळ सुचवलं गेलं तेव्हाच कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं, मुलगी लंगडते म्हणून.

"तुझे बाबा म्हणाले, लोक उगाच बोलतात, तिच्या पायाला कधी काही झालेलंच नाही. हवं तर डोंगरावर चालवून बघा. मला पटलं. पोह्यांच्या कार्यक्रमात मुलगी बसलेली असते, चालताना कुठं दिसते?"

"कधी ठरलं हे?"

"दिवाळीतच की."

यशश्रीनं कहव्याचा कप खाली ठेवला. मागच्या वर्षी चिपळूणला एका घरच्या लोकांनी तिला सोफ्यापासून स्वयंपाकघरापर्यंत चालून दाखवायला लावलं होतं. त्या दिवशी ती इतकी रडली की बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला होता, पुन्हा तुला कुणासमोर चालायला लावणार नाही. तो शब्द तिनं वर्षभर जपला होता. परक्यांनी फसवलं असतं तर तिला राग आला असता आणि तो गेलाही असता. पण हे बाबा होते. तिचा पाय बरा व्हावा म्हणून नव्हे, तो झाकला जावा म्हणून ते रोज चालत होते. वाळूवरची एकही संध्याकाळ आता तिची उरली नव्हती.

बाबा परत आले ते खुशीत. आईसाठी गुलाबपाण्याची बाटली घेतली होती. दमलीस का, असं त्यांनी विचारलं. नाही, असं ती म्हणाली.

गाडीपाशी जायला गावातून वर दगडी पायऱ्या होत्या. अहमद नि प्रशांत वर पोचत आले होते, मग यशश्री, मागे काकू, त्यांच्या मागे बाबा. थोडं चढून झालं आणि यशश्रीचा पाय अडखळला. पुढच्या पायरीवर पुन्हा. मग ती कठड्याला धरून एक पाय ओढत चढू लागली, सगळ्यांना दिसेल असा.

उजवा पाय.

काकू थांबल्या. त्यांनी मागे वळून बघितलं.

"रमणभाऊ, तुम्ही तर म्हणाला होतात..."

"अहो वहिनी, तिचा तो पाय..." बाबांच्या तोंडून निघालं आणि तिथेच अडकलं.

"तो पाय काय?"

बाबा एकदा काकूंकडे बघत होते, एकदा लेकीच्या पायांकडे. चुकीचा पाय आहे म्हणावं, तर बरोबरचा कुठला ते सांगावं लागणार. त्यांनी गुलाबपाण्याची बाटली या हातातून त्या हातात घेतली.

"काही नाही," ते म्हणाले.

प्रशांत खाली उतरून आला आणि जरा बसूया का म्हणाला. काकूंनी त्याला पुढे हो म्हणून खुणावलं आणि स्वतःही यशश्रीच्या अंगावरून पुढे निघून गेल्या. सकाळपासून पहिल्यांदाच.

बाबा दोन पायऱ्या एकदम चढून तिच्या डाव्या अंगाला आले.

"यशू," ते हळूच म्हणाले, "टाच आधी."

"कुठल्या पायाची, बाबा?"

तिनं आवाज चढवला नव्हता. ती तशीच उजवा पाय ओढत वर चढत राहिली. सगळा भार डाव्यावर येऊन तो आता खरोखरच ठणकायला लागला होता. तो मात्र तिनं दर पायरीला अगदी नीट टाकला, बाबांनी शिकवलं होतं तसा.