विहिरीला घातलेली हाक

वैशाखाच्या पांढऱ्याफटक उन्हात, नजर पोचेल तिथवर पसरलेल्या राखेवर, एक म्हातारा दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून वाकला आहे आणि पायाखालच्या सपाट जमिनीला हाक घालतो आहे: थावराकाका मला आठवतात ते असे. हाकेचा शब्द एकच, याडी. बंजाऱ्यांच्या गोर बोलीत याडी म्हणजे आई. हाक घालून ते मान डावीकडे कलती करत आणि थांबून राहत. मला आधी वाटलं, उन्हानं डोकं फिरलंय बुवाचं.

वणीकडच्या त्या तांड्याशेजारी वीजकेंद्राच्या राखेच्या तळ्याचा बांध एका पावसाळ्यात फुटला होता. पऱ्हाटी, तूर, वावरांचे धुरे, पायवाटा, सगळ्यांवरून ती करडी राड वाहत गेली आणि उन्हानं वाळून दगडासारखी बसली. ती उचलण्याच्या कामावर मी मोजणी लिहिणारा माणूस होतो. काकांची विहीर त्या राखेखाली होती, काठोकाठ भरलेली. तरुणपणी त्यांनी आणि सोनाकाकूंनी मिळून ती खणली होती. पुढे रोज सकाळी काका तिच्यात हाक घालत. ती किती उशिरानं आणि किती ओली होऊन परत येते, यावरून पाणी कुठवर आहे ते सांगत. त्यांना ती ओली हाक परत हवी होती, बाकी काही नाही. इतर लोक भरपाईचं बोलत तेव्हा काका यंत्राच्या मागे मागे पावलं मोजत चालत.

त्यांची पावलं चुकली नाहीत. गुडघाभर थर निघाला आणि नेमक्या त्या जागी दगडी काठाचं वर्तुळ उघडं पडलं, आत सिमेंटासारखी घट्ट बसलेली राख. तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा काकांनी तिच्यावर तळहात ठेवला. यंत्र पुढे निघून गेलं. माझ्या मोजणीच्या छापील नमुन्यात लांबी होती, रुंदी होती, खोलीचा रकानाच नव्हता. काळी जमीन दिसली की वावर साफ, असा नियम. विहिरीचं तोंड त्या साफ जमिनीतच धरलं गेलं. मी वर विचारलं, तर नकाशात विहीर नाही असं उत्तर आलं. वावर साफ म्हणून मी सही केली. त्या सहीची मला आजही लाज वाटते.

"साहेब, तुमी लांबी लिवली, रुंदी लिवली," काका म्हणाले. "माही विहीर तं खाली हाय."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सोसवलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सब्बल घेतली. ते आत उतरून राख फोडत, सोनाकाकू वरून दोरानं टोपलं ओढत. धूळ त्यांच्या मिशांवर, पापण्यांवर, काकूंच्या घागऱ्यातल्या आरशांवर बसे, आणि संध्याकाळच्या तिरप्या उजेडात ती दोघं त्या राखेतूनच घडवल्यासारखी दिसत. मी म्हटलं, काका, यात जन्म जाईल. ते म्हणाले, होता तेवढा गेलाच, उरलेला हिच्यात घालतो; आणि बराच वेळ खोकत राहिले. आमचं काम संपलं, माणसं हलली, मीही निघून गेलो.

दोन वर्षांनी, फाल्गुनात, पांढरकवड्याहून परतताना गाडी आपसूक तिकडे वळवली. पळस फुलला होता, पण त्याचा रंग धुरकट होता. सोनाकाकू काठावर एकट्याच बसल्या होत्या, शेजारी गुंडाळलेला दोर. काका थंडीत खोकल्यानं गेले, एवढंच त्यांनी सांगितलं. मी आत पाहिलं: दोन माणसांच्या उंचीएवढी खोल, कोरडी, भिंतींवर सब्बलीचे व्रण आणि तळाशी तीच राख.

"तुमी घाला हाक," काकू म्हणाल्या. "माह्यानं होत नाही. तेयले मरेपावत कोरडीच भेटली."

मी गुडघ्यांवर हात टेकवले आणि हाक घातली. ती लगेच परत आली, उथळ, कोरडी. काकूंनी मान डावीकडे कलती केली होती. पाणी कुठवर आहे याचा त्या हाकेत पत्ता नव्हता. काका कुठवर पोचले होते तेवढं मात्र तिनं नेमकं सांगितलं. माणूस गेल्यावर काळ त्याच्या जागेवर थर चढवत जातो, आणि कधी वाकून आपण हाक घातलीच, तर त्यानं आपल्या हातांनी जेवढं उपसलं, तेवढ्याच खोलीवरून ती परत येते.