पाच मिनिटांसाठी जोडलेली केबल

मित्रांनो, लांबी तीन मीटर, रंग विटका निळा आणि दोन टोकांना दोन प्लग, एवढाच माझा पसारा. मी एका यंत्राचा निरोप दुसऱ्याकडे नेणारी जुनी नेटवर्क केबल आहे. निरोपात काय लिहिलंय ते मला वाचता येत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्ही मलाच बोल लावाल.

माझा जन्म बाटल्या भरणाऱ्या एका कारखान्याच्या प्रशिक्षण खोलीत झाला. यंत्रांचं जाळं कसं आखायचं आणि ते कसं सुरक्षित ठेवायचं, हे तिथे मॅडम कामगारांना शिकवत. चष्मा सावरत एका इलेक्ट्रिशियनने माझ्या आठ बारीक तारा प्लगमध्ये बसवल्या. तपासणीचे आठही दिवे लागले. मॅडम म्हणाल्या, "हिला म्हणतात केबल! बाकीच्यांनी नुसती सुतळी वळलीय." मी फुलून गेले.

सहा वर्षं मी त्या टेबलावर राबले. टेबलावर हातभर लांबीचा खेळण्यातला पट्टा होता, तर काचेच्या भिंतीपलीकडे बाटल्या वाहणारा खरा पट्टा. प्रत्येक तुकडीला मॅडम बजावत, "शिकण्याचं जाळं आणि कारखान्याचं जाळं एकमेकांना कधीही जोडायचं नाही." हे वाक्य मला पाठ झालं होतं.

एका दुपारी त्यांना खऱ्या पट्ट्याचा नवा प्रोग्राम खेळण्यात उतरवायचा होता. त्यांनी माझं एक टोक टेबलावरच्या जाळ्यातच ठेवलं आणि दुसरं भिंतीतल्या, कारखान्याच्या जाळ्याच्या खाचेत घातलं. "पाच मिनिटांचं काम," त्या स्वतःशीच म्हणाल्या. काम झालं, खेळणं बंद केलं, तेवढ्यात फोन वाजला आणि त्या गेल्या. मी तिथेच राहिले. प्रोग्रामबरोबर खऱ्या पट्ट्याचा जाळ्यावरचा पत्ताही खेळण्यात आला होता. दोन घरांवर एकच पाटी!

दुसऱ्या सकाळी खऱ्या पट्ट्याची देखभाल करणारे फिटरकाका दारात डोकावले. "काय मॅडम, खेळणी चालतात का?"

"तुमच्या पट्ट्यापेक्षा बरी चालतात, काका."

काका हसत कामावर गेले. थोड्याच वेळात एक बाटली अडकली. त्यांनी यंत्राच्या पडद्यावरचं बटण दाबून पट्टा थांबवला आणि खाली हात घातला. खरं तर मेन स्विच पाडून त्याला कुलूप लावायचं असतं. 'एका बाटलीसाठी कशाला,' असं त्यांना वाटलं असणार.

इकडे शिकायला आलेली नवी इलेक्ट्रिशियन खेळण्यातला पट्टा सुरू करायला कॉम्प्युटरपुढे बसली. "मॅडम, हे बटण पलीकडच्या पट्ट्याला नाही ना लागणार?"

"अगं, काच ओलांडायला त्याला पाय फुटायला हवेत. दाब बिनधास्त."

तिने दाबलं. खेळणं हललं नाही. कालपासून त्याचं बटण बंदच होतं. त्या पत्त्यावर जागं असलेलं घर एकच होतं. निरोप माझ्यातून तिकडे गेला. खऱ्या पट्ट्याने पासवर्डही विचारला नाही. त्याला तो कुणी कधी घातलाच नव्हता.

काचेपलीकडे पट्टा सुरू झाला.

किंकाळी काच भेदून आली. कुणीतरी धावत जाऊन पट्टा थांबवणारी आणीबाणीची दोरी ओढली. काकांची बाही खांद्यापर्यंत फाटली होती आणि ते आपल्या हाताकडे, तो दुसऱ्याचाच असावा तसे बघत होते. पोरीचं बोट अजून बटणावरच होतं.

"मी केलं?" तिने विचारलं.

मॅडमची नजर टेबलावरून माझ्यावर आली आणि माझ्या मागोमाग सरकत भिंतीपर्यंत गेली. "नाही," त्या म्हणाल्या. "मी."

काकांचा हात वाचला. दोन बोटं मात्र आजही वाकत नाहीत. पट्टी बांधलेला हात घेऊन ते आले तेव्हा मॅडमना मान वर करता येईना. काका म्हणाले, "मेन स्विच मीही पाडला नव्हता. पण मॅडम, तुम्ही तर हेच शिकवता हो!"

मॅडमनी अहवालात स्वतःची चूक जशीच्या तशी लिहिली. आता खरा पट्टा पासवर्ड विचारतो. बटणाला हात लावण्याआधी प्रत्येक शिकणारा माझ्या अंगावरून बोट फिरवत दुसऱ्या टोकापर्यंत चालत जातो. ती पोर तर दोनदा जाऊन येते.

मित्रांनो, मला कुठेही जोडा, मी तक्रार करणार नाही. पण काम संपलं की काढायला विसरू नका. मला स्वतःहून सुटता येत नाही.