धनगरवाड्यावरचं आमेन

मी ख्रिस्ती धर्म सोडला त्याला बरीच वर्षं झाली, पण उमरग्यात ही बातमी अजून नीटशी पोचलेली नाही. कॉलेजातले सहकारी दर नाताळला न चुकता माझा हात हातात घेतात. मी म्हणतो, "अहो, मी नास्तिक आहे." ते म्हणतात, "असू द्या हो सर, सणाला काय होतंय? केक कधी?" एकदा संस्थेच्या अध्यक्षांना मी सविस्तर समजावून सांगितलं, की मी कुठलाच देव मानत नाही. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "ते कळलं. पण नास्तिक कुठले? आमच्यातले की तुमच्यातले?"

मी पाळकाचा मुलगा. वडिलांचं आयुष्य चर्चच्या आवारात गेलं आणि माझं बालपणही. देवाशी माझं भांडण कधी झालं नाही. जुना भाडेकरू रोज थोडं थोडं सामान हलवत जातो, तसा तो गेला. एके दिवशी खोलीत डोकावलं तर आत कोणी नव्हतं. किरकोळ सामान मात्र राहून गेलं. दाढी करताना ओठांवर गीत येतं. रविवारी सकाळी अंग आपोआप इस्त्रीचा शर्ट मागतं. भरलं ताट समोर आलं की पहिला घास हातात क्षणभर अडतो. याला मी सवय म्हणतो. मी फिजिक्स शिकवतो. पंखा बंद केला तरी पाती काही वेळ फिरतातच, हे मला मुलांना दरवर्षी सांगावं लागतं. माझी पाती जरा जास्तच वेळ फिरताहेत, एवढंच.

माझी बायको मंजुषा याला काहीच म्हणत नाही. ती दर रविवारी चर्चला जाते. मी तिला मोटारसायकलवर सोडतो आणि बाहेर पेपर वाचत थांबतो. या विषयावर आमच्यात तह झालेला आहे. तिने माझ्यासाठी प्रार्थना करायची नाही आणि ती करते आहे हे मी ओळखायचं नाही.

मुलगी प्रतीक्षा मात्र पूर्णपणे माझी. तिला मी एकच गोष्ट शिकवली, की जे पटत नाही ते तोंडाने म्हणायचं नाही. ती इतकं मनावर घेईल असं वाटलं नव्हतं. शाळेत ती परिपाठाच्या प्रार्थनेला तोंड मिटून उभी राहायची आणि घरी तक्रारी यायच्या. मी त्या तक्रारी अभिमानाने वाचायचो.

ती कळंबला एका शाळेत नोकरीला लागली. तिथे तिला समर्थ भेटला. वीज खात्यात इंजिनिअर, शांत मुलगा, जातीने धनगर. घरी अजून मेंढरांचा कळप आणि कळपापेक्षा मोठी भावकी. घरात शब्द चालतो आजोबांचा. त्यांचं नाव बिरदेव, सगळे त्यांना आबा म्हणतात. आबा समर्थला घेऊन उमरग्याला आमच्याकडे आले, खांद्यावर घोंगडी टाकून सोफ्याच्या अगदी कडेला बसले आणि मी माझी अट सांगितली. लग्न नोंदणी पद्धतीनं होईल. त्यात कुठल्याही बाजूचा कुठलाही देव येणार नाही.

आबांनी विचारलं, "जागरण बी न्हाय?"

"नाही."

"भंडारा तरी उधळायचा का न्हाय?"

"तोही नाही."

"आन तुमचा?"

"आमचा तर नाहीच नाही, आबा. त्याला मी केव्हाच सोडलाय."

आबांनी मला खालून वर पाहिलं. मग माझ्यासमोरच समर्थला म्हणाले, "लई कडक हाय." बाजारात एडका पारखताना वापरतात तोच आवाज.

त्यांच्या घरात जागरणाशिवाय लग्न झालेलं नव्हतं. रात्रभर देवाची गाणी, सकाळी हळदीचा भंडारा सगळ्यांच्या अंगावर, मग नवरा-नवरी आपली मानायची. आबा घोंगडी सावरायला लागले तशी प्रतीक्षा मध्ये पडली. "आबा, माझे पप्पा दुसऱ्याला एक आणि स्वतःला एक असं करत नाहीत. तुम्ही तुमचा देव बाजूला ठेवलात तर आमच्याकडूनही काही येणार नाही. हा शब्द माझा."

आबा त्या शब्दावर कबूल होऊन उठले. पुढे समर्थकडून कळलं, की भावकीतल्या दोन घरांनी आबांशी बोलणं टाकलं होतं. म्हातारा कुणाशी भांडला नाही. पोरीनं शब्द दिलाय, एवढंच सांगत राहिला.

सुपारी फोडायला आम्ही कळंबजवळच्या त्यांच्या वाडीवर गेलो. सुपारी देवाशिवाय फुटली. तिला काही फरक पडलेला दिसला नाही. अंगणात मांडव, मांडवात घोंगड्या अंथरलेल्या, पलीकडे काटेरी कुंपणात मेंढरं. आबांनी बोकड कापला होता. भावकीतली रागावलेली दोन घरंही जेवायला आली होती. न बोलणं आणि न जेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं त्यांचं मत असावं. मला आबांच्या उजव्या हाताला बसवलं. शेजारी मंजुषा, समोर प्रतीक्षा आणि समर्थ.

ताटं वाढून झाली. ज्वारीची भाकरी, तांबडा रस्सा, वर तेलाचा तवंग. वाढणाऱ्या बाया मागे सरकल्या आणि सगळी पंगत गप्प झाली. एकही हात हलेना.

आता मला कळतं, की पाव्हण्याने पहिला घास घेतल्याशिवाय त्या घरात कोणी जेवत नाही. ते माझी वाट पाहत होते. पण माझं बालपण वेगळ्या पंगतीत गेलेलं. भरलं ताट, थांबलेले हात, खाली झुकलेल्या माना, आणि सगळ्यांची नजर पाळकाच्या पोराकडे, याचा आमच्याकडे एकच अर्थ होतो. वडील मला कुणाच्याही घरी, कुठल्याही पंगतीत अचानक उठवायचे. तयारीला वेळ मिळायचा नाही. अशी प्रार्थना मी इतकी केली आहे, की वयात येण्याआधी माझ्यात व्यावसायिक सफाई आली होती.

माझे डोळे मिटले. हात जुळले.

"हे स्वर्गीय पित्या," मी खणखणीत आवाजात म्हणालो, "आजच्या या दिवसाबद्दल आम्ही तुझे उपकार मानतो. हे अन्न ज्या हातांनी रांधलं त्या हातांना आशीर्वाद दे. या घरातल्या वडीलधाऱ्यांना आयुष्य दे. ही दोन लेकरं तुझ्यासमोर बसली आहेत..."

इथे मला कळलं, की मी काय करतो आहे. थांबता आलं असतं का, याचा मी नंतर बराच विचार केला. उताराला लागलेला ट्रक आणि मी, आमच्यात त्या वेळी फारसा फरक नव्हता. शिवाय, खरं सांगायचं तर, बरं वाटत होतं. छाती मोकळी झाली होती. समोर मेंढरं ओरडली आणि मी त्यांनाही घेतलं. कळपाला पाणी दे, चारा दे, लांडग्यापासून राख, चुकलेलं कोकरू खांद्यावर घेऊन परत आण. वडिलांनी आयुष्यभर व्यासपीठावरून मेंढरांचे दाखले दिले, पण उपासनेला खरं मेंढरू कधी हजर नव्हतं. माझ्यासमोर अख्खा कळप होता.

"येशूच्या नावाने मागतो. आमेन."

"आमेन!" मंजुषा म्हणाली. मोठ्यांदा. मग तिने तोंडावर हात ठेवला.

मी डोळे उघडले. पंगत माझ्याकडे पाहत होती. भावकीतला एक मिशाळ माणूस दुसऱ्याला म्हणाला, "आपला देव भाईर ठिवला, आन यांचा आधी येऊन बसला." कोणी हसलं नाही. आबा ताटाकडे बघत होते. त्यांची मान माझ्यामुळे खाली गेली होती आणि ती रस्सा पाहण्यासाठी गेलेली नव्हती.

प्रतीक्षा उठली. "पप्पा, जरा इकडे या."

आम्ही कुंपणापाशी गेलो. तिचा आवाज बारीक होता, तो ओरडण्यापेक्षा वाईट.

"हे काय होतं?"

"सवय."

"सवय खोकल्याची असते. तुम्ही मेंढरांपर्यंत गेलात."

"सुटलं तोंडातून."

"त्या माणसानं माझ्या शब्दावर भावकी तोडली, पप्पा. आणि ती भावकी आत बसून त्यांच्याकडे बघतेय. आता मला एकच सांगा. तुम्ही आजवर मला सांगत होता ते खोटं, की आत्ताचं खोटं?"

विद्यार्थ्याने चांगला प्रश्न विचारला की मी फळ्याकडे वळतो. इथे फळा नव्हता. एक मेंढी होती, तीही उत्तराची वाट पाहत असल्यासारखी.

"दोन्ही खरं असलं तर?" मी म्हणालो.

"मग तसं आत जाऊन सांगा. सभ्यता म्हणून प्रार्थना केली वगैरे सांगितलंत, तर मी त्यांच्यासमोर म्हणेन की हे खोटं आहे."

ती म्हणाली असती. शाळेच्या तक्रारी मी जपून ठेवल्या नव्हत्या, पण विसरलोही नव्हतो.

मी मांडवात परत आलो आणि उभाच राहिलो. रश्श्यावरचा तवंग थिजायला लागला होता.

"आबा," मी म्हणालो, "अट मी घातली आणि मोडली पण मीच. देव आहे असं मला काल वाटत नव्हतं आणि आत्ताही वाटत नाही. त्यात बदल नाही. पण ही दोघं शेजारी बसलेली बघून कुणाचे तरी आभार मानावेत असं वाटलं. माझ्या तोंडाला आभार मानायची एकच रीत येते, लहानपणची. ती मला न विचारता बाहेर आली. जे मला स्वतःला बाहेर ठेवता आलं नाही, ते तुम्ही बाहेर ठेवा असं मी सांगणं बरोबर नाही. अट मी मागं घेतली. तुमचं जागरण होऊ द्या. मी रात्रभर बसेन."

मिशाळ माणूस ताठ झाला. आबा मात्र घाईत नव्हते.

"भावकीला काय सांगू मग?"

"सांगा, पाव्हणा चुकला."

"चुकला कशानं? ब्येस बोललाव की!" आबांनी मान वर केली. "मला एक सांगा रणधीरराव, ते कोकरू खांद्यावर घ्यायचं कुणाचं म्हणलाव?"

"आमच्यात देवाला मेंढपाळ म्हणतात."

"मेंढरं सोत्ता राखतो?"

"असं म्हणतात."

"आन चुकलेलं हुडकाय सोत्ता जातो?"

"हो. बाकीची सोडून."

आबा मिशाळ माणसाकडे वळले. "ऐकलं का? यांचा बी आपल्यातलाच हाय." मग जरा विचार करून म्हणाले, "बाकीची कुणाच्या भरवशावर सोडतो, ते इचाराया पायजे पर."

वडिलांच्या सगळ्या कारकिर्दीत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. पंगतीत हसू फुटलं. मिशाळ माणूसही हसला आणि आपण आबांशी बोलत नाही हे विसरून म्हणाला, "कुत्री आसतील की आबा त्येच्याकडं."

"तर मग पावणं," आबा मला म्हणाले, "एक काम करा. कळप उद्या भाईर पडायलाय, खाली नदीकडं. मेंढरांचं तुमी लई झटक्यात उरकलं. तेवढं पुन्यांदा म्हणा. नीट, सावकाश."

समोर प्रतीक्षा बसली होती. ती माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हती, तोंडाकडे बघत होती. आणि तोंड, सांगायला हरकत नाही, तयार होतं. पहिली दोन वाक्यं जुळलीसुद्धा होती. मघापेक्षा चांगली होती.

"नाही जमणार, आबा."

"मेंढरांस्नी न्हाय म्हंता व्हय?"

"मघाशी आली ती आपली आपण आली. आता म्हणालो तर ठरवून म्हणेन. मला पटत नाही ते ठरवून म्हणालो की ती खोटी. तुमच्या कळपामागं खोटी प्रार्थना लावू का?"

आबांनी यावर गंभीरपणे विचार केला. "नगं," ते म्हणाले. "खोटी नगं. आधीच लई रोगराई हाय."

"पण खरी पाहिजे असेल तर ती आहे," मी म्हणालो आणि बायकोकडे वळलो. "मंजुषा, तू म्हण."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी तिला विमान चालवायला सांगितलं आहे. लग्नापासून आजवर मी तिला हे कधी सांगितलं नव्हतं. तिने पदर डोक्यावर घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली. प्रार्थना अगदी छोटी होती. मेंढरांना पाणी मिळू दे. ती राखणाऱ्या पोरांचे पाय दुखू नयेत. प्रतीक्षाला आणि समर्थला एकमेकांचं ऐकायची बुद्धी दे. मध्ये ती एकदा अडली, एक वाक्य दोनदा म्हणाली, शेवट घाईत केला. पाळकाच्या घरात एवढ्याला कुणी पास केलं नसतं. आवाज मात्र जरासुद्धा हलला नाही.

मी डोळे उघडे ठेवले होते. ती "आमेन" म्हणाली तेव्हा सवयीने माझी जीभ टाळूला लागली. मी ती तिथेच ठेवली. प्रतीक्षाने ते पाहिलं. तिने माझ्यापुढचं पाण्याचं तांब्याभांडं जरा जवळ सरकवलं, आणि मी भाकरीचा पहिला तुकडा मोडला. सगळ्या पंगतीचे हात एकदम हलले.

दोन-चार घास झाल्यावर आबा माझ्या कानाशी आले.

"वहिनींची चांगली झाली," ते हळूच म्हणाले. "पर तुमची जास्त बरी व्हती."

"हो," मी म्हणालो. "ते माझ्याही लक्षात आलं."