असावा की असता

तारावा बेटावरच्या शाळेत टबिटा इंग्रजी शिकवायची. जर-तरच्या वाक्यात चुकलेलं पोर तिच्या तावडीतून सुटायचं नाही. ‘मे हॅव’ म्हणजे असावं, अजून कळलेलं नाही. ‘माइट हॅव’ म्हणजे असतं, पण झालं नाही. हे तिने झोपेतही सांगितलं असतं.

तिचा नवरा तेकाई ट्यूना मासे धरायला समुद्रात गेला तो परतलाच नाही. शोध घेऊन आलेल्या विमानातला ऑस्ट्रेलियन अधिकारी आता गावच्या मनेआबात, म्हणजे सभाघरात, चटईवर अवघडून बसला होता, समोर सगळं गाव. त्याचं इंग्रजी गावाला सांगायचं काम टबिटाच्याच गळ्यात पडलं. दुसरं होतं कोण?

बोटीत मदतीची हाक पाठवणारं यंत्र असतं, तर ‘ही मे हॅव सर्व्हाइव्ह्ड,’ तो म्हणाला.

मे हॅव! टबिटाचा जीव भांड्यात पडला. पुढच्या-मागच्या शब्दांकडे तिचं लक्षच गेलं नाही.

“तो जगला असावा,” तिने सांगितलं.

“मी काय म्हणत होते?” सासू कातारिना लोकांकडे बघत म्हणाली. “रडायची घाई तुम्हालाच.”

धाकटा दीर बाउरो उठलाच. “वहिनी, मी बोट काढतो. दक्षिणेला गेला असेल तो.”

बाहेर पश्चिमेचा वारा माजला होता. असल्या वाऱ्यात बोट काढणं म्हणजे मरणाला घरचा पत्ता देणं. पण अडवणार कोण? आशा तिनेच लावली होती.

अधिकारी मान खाली घालून बसला होता. जिवंत माणसाची बातमी कुणी अशी देतं? मग टबिटाला वाक्याची सुरुवात आठवली. यंत्र असतं तर. ‘असतं तर’च्या मागे ‘मे’ येतच नाही. पोराने लिहिलं असतं, तर तिने लाल रेघ मारली असती. त्या मेल्या साहेबाला स्वतःची भाषाही येऊ नये, याचा तिला भयंकर संताप आला.

“साहेब, मे की माइट?” तिने इंग्रजीत विचारलं.

तो गोंधळला. “एकच ना, बाई? मला फार वाईट वाटतं.”

बाउरो पायरी उतरत होता.

“बाउरो, थांब. मी चुकीचं सांगितलं. जगला असता.”

“असता म्हणजे काय गं?” कातारिनाने विचारलं.

आयुष्यभर टबिटाने हेच समजावलं होतं.

“म्हणजे नाही जगला, आई.”