माझ्या अंगावरचं प्लास्टिक

मी क्ष-किरण यंत्र बोलतोय. मिठाच्या खड्याएवढा एखादा स्फटिक माझ्यापुढे धरा, त्याच्या आत अणू कसे मांडलेत ते मी सांगतो. निदान त्यासाठी तरी मला बनवलं होतं.

दूर शिकून आमच्या कॉलेजात शिकवायला आलेल्या नव्या बाईंना वाटलं होतं, माझ्यापुढे विद्यार्थ्यांची रांग असेल. त्यांना दिसलं ते चादर पांघरलेलं, डोक्यावर फुलदाणी घेतलेलं एक धूड. मी देणगी म्हणून आलो, फोटो निघाले आणि पहिल्याच दिवशी माझा लाल दिवा लागला. किरण सोडणारी नळी जळाली, असं विभागप्रमुखांनी जाहीर करून टाकलं. तेव्हापासून इथले स्फटिक तपासायला पार्सलने परदेशी जातात. एका विद्यार्थिनीच्या स्फटिकांचा दोनदा वाटेतच चुरा झाला. जपून वाढवलेला शेवटचा स्फटिक आता खोक्यात बंद होऊन निघायच्या बेतात होता. तोही गेला तर तिची पदवी गेली.

चादर उचलणाऱ्या प्रत्येकाकडे मी संशयानेच बघतो. बहुतेकांना फोटो हवा असतो. बाईंचा संशय मात्र भांडार सांभाळणाऱ्या मामांवर. माझ्या पोटातलं काहीतरी विकलं गेलंय, हे त्या धरूनच आल्या होत्या. किल्ली कुणाकडे असते, खोलीत कोण येतं, असं फिरवून फिरवून विचारत राहिल्या.

मामा शेवटी दुखावले. "ताई, आडून कशाला विचारता? ह्याच्या अंगावरचं प्लास्टिकसुद्धा मी कुणाला काढू दिलं नाही. आलं तस्सं आहे."

 प्लास्टिकचं ऐकताच बाई वाकल्या. माझ्या दाराच्या कडेला तेच प्लास्टिक दुमडून बसलं होतं. दार पुरतं मिटत नव्हतं, आणि ते मिटल्याशिवाय मी किरण सोडत नाही. माणसांना इजा होऊ नये म्हणून मला घडवलंच तसं आहे. लाल दिवा इतके दिवस तेवढंच सांगत होता.

प्लास्टिक ओढून दार लावलं तसा तो विझला. मामा ती पट्टी हातात घेऊन उलटसुलट बघत राहिले.

विभागप्रमुख खूश झाले. "छान. आता झाकून ठेवा. पोरांच्या हाती दिलंत तर वाट लावतील."

 बाईंनी जाताना खोलीची किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली. मी मनात म्हटलं, घ्या, ह्याही झाकून ठेवणाऱ्यांतल्याच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पार्सल फोडलं, स्फटिक विद्यार्थिनीच्या हातात दिला आणि माझं दार तिलाच लावायला सांगितलं. मग मामांकडून एक खिळा मागून घेतला, खोलीबाहेर ठोकला आणि किल्ली त्यावर अडकवली, कुणाचाही हात पोचेल अशी.

कधी तो खिळा रिकामा दिसला, तर लगेच चोर शोधू नका. आधी माझ्या खोलीत डोकावा.